‘बघून घेईन’ आणि कलम ३५१

बांधावरून भांडण झाले की ‘तुला बघून घेईन’ हे ठरलेले. पोलीस ठाण्यात याला सरसकट ‘धमकी’ म्हणतात. कायद्याच्या मराठीतला शब्द मात्र जास्त रसरशीत आहे: धाकदपटशा.

ब्रिटिश अधिकारी मेकॉले याच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. तो कायदा व्हायला १८६० उजाडले आणि अंमल १ जानेवारी १८६२ पासून सुरू झाला. त्यातल्या कलम ५०३ ने धाकदपटशाची व्याख्या बांधली. जिवाला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी हवी, आणि तिच्यामागे समोरच्याला घाबरवण्याचा किंवा त्याच्याकडून नको ते करवून घेण्याचा हेतू हवा. उदाहरण दिले ते असे: दिवाणी दावा सोडावा म्हणून घर जाळण्याची धमकी. मृताच्या बदनामीची धमकीही यात धरली.

कलम ५०८ तर खास इथल्या मातीतले. सावकार किंवा हक्कदार दारात उपाशी बसे. तो मेला तर पाप घरमालकाच्या माथी, ही भीती हेच त्याचे हत्यार. शिंद्यांच्या छावणीत पगार थकला की शिपाईही धरणे धरीत. दारी धरणे धरून देवाच्या कोपाची भीती घालणे हे संहितेने गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दिले. पुढे तेच धरणे चळवळीचे सनदशीर साधन झाले, ही इतिहासाची गंमत.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत धाकदपटशा कलम ३५१ मध्ये आला. व्याख्येत ‘कोणत्याही साधनाने’ ही भर पडली. मोबाइलवरचा संदेशही त्यात सरळ बसतो. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ठार मारण्याची, जबर दुखापतीची किंवा आग लावण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. निनावी धमकी दिली तर आणखी दोन वर्षांपर्यंत. दारातले धरणे कलम ३५४ मध्ये अजून शाबूत आहे.

पण नुसते शब्द पुरत नाहीत. बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांविरुद्ध फेसबुकवर लिहिणाऱ्या जोडप्यावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. घाबरवण्याचा हेतूच दिसत नव्हता. शिवाय साधी धमकी अदखलपात्र. ठाण्यात ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र गुन्हा म्हणून नोंदवून कागद हातात देतात, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही.