महापालिकेचे प्रशासनाधिकारी आणि झेडपीचे शिक्षणाधिकारी: नवीन आलेले साहेब नक्की कुणाचे?

कोल्हापूर महापालिकेच्या सभेत नवीन प्रशासनाधिकाऱ्यांचं स्वागत झालं की तो फोटो दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर येतो, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, बाजूला महापौर, मागं शाहू महाराजांचा फोटो, आणि खाली कुणीतरी लिहितंय "नूतन शिक्षणाधिकारी साहेबांचे हार्दिक अभिनंदन". मग शहराच्या हद्दीबाहेरच्या पाचगावातला माणूस त्या साहेबांकडं आपल्या गावच्या शाळेची तक्रार घेऊन जायचं ठरवतो आणि शहरातल्या राजारामपुरीतला माणूस महापालिकेच्या शाळेचा अर्ज घेऊन नागाळा पार्कात झेडपीत, म्हणजे जिल्हा परिषदेत, जाऊन बसतो. दोघांचाही दिवस वाया जातो आणि पोरांचं काम तसंच राहतं. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूया, कारण ही दोन पदं खरंच वेगळी आहेत आणि फरक माहीत नसला तर त्याचा तोटा आपल्यालाच होतो.

आधी प्रशासनाधिकारी. हे पद आलंय १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातून. त्या कायद्यानं मोठ्या नगरपालिकांना आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळा चालवायला शिक्षण मंडळ दिलं आणि मंडळाचा रोजचा कारभार बघायला एक अधिकारी दिला, जो सरकारनं नेमायचा. म्हणजे सुरुवातीपासूनच हा माणूस काम करतो शहरासाठी पण त्याची ऑर्डर निघते राज्याकडनं. पुढं २०१३ ला शिक्षण मंडळं बंद करायचा निर्णय झाला आणि आपल्याकडं आता प्राथमिक शिक्षण समिती म्हणतात, पण जुनी माणसं अजून शिक्षण मंडळच म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेच सांगितलं तरी त्याला बरोबर कळतं. प्रशासनाधिकारी पद मात्र राहिलं. महापालिकेत त्यांच्या वर आयुक्त.

शिक्षणाधिकारी हे झेडपीचे. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १ मे १९६२ ला झेडप्या सुरू झाल्या, आणि प्राथमिक शिक्षण हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा विभाग. यांच्या वर सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. आणि इथंच आणखी एक गुंता असा की शिक्षणाधिकारी एक नसतात. प्राथमिकचे वेगळे, माध्यमिकचे वेगळे, योजनेचे वेगळे. नुसतं "शिक्षणाधिकाऱ्यांना भेटून आलो" म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठल्या?

आता महत्त्वाचं, आणि इथं थोडा वेळ घालवतो.

लोकांना वाटतं की प्रशासनाधिकारी म्हणजे शहर आणि शिक्षणाधिकारी म्हणजे खेडी, संपलं. एवढं सरळ नाहीये. भवानी मंडपात मेन राजाराम हायस्कूल आहे, अंबाबाईच्या देवळापासून चालत दोन मिनिटं, शहराच्या अगदी पोटात. ती शाळा झेडपीची. तिथं छत गळलं किंवा शिक्षक कमी पडले तर महापालिकेच्या सभेत कितीही जोरात बोललं तरी प्रशासनाधिकारी काही करू शकत नाहीत कारण ती त्यांच्याकडं नाहीच. नगरसेवक मात्र बोलतात, कारण शाळा त्यांच्या वॉर्डात आहे आणि लोक त्यांनाच विचारतात, त्यांनी बोलावंही, फक्त उत्तर दुसऱ्या बिल्डिंगमधून येणार हे आपल्याला माहीत पाहिजे.

दुसरं उदाहरण खासगी संस्थांचं, हे तर घराघरातलं आहे. एकाच संस्थेचं एकच आवार, एकच गेट, एकच युनिफॉर्म. पण पहिली ते चौथीची अनुदानित प्राथमिक शाळा असेल तर ती शहरात महापालिकेच्या प्रशासनाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, आणि पाचवीपासूनचं हायस्कूल झेडपीतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं. म्हणजे पोरगं चौथीतून पाचवीत गेलं, वर्ग फक्त वरच्या मजल्यावर गेला, पण वरचं ऑफिस बदललं. थोरल्याची तक्रार एकीकडं आणि धाकट्याची दुसरीकडं. पालकांना हे कोण सांगणार? शाळेतली क्लार्क मंडळी सांगतात, चांगली असली तर.

आणि तिसरी गोष्ट हेडमास्तरांची. खासगी अनुदानित हायस्कूलला नवीन मुख्याध्यापक आले की त्यांचाही सत्कार होतो, तालमीत होतो, तरुण मंडळात होतो, नगरसेवक येतात. पण त्यांची नेमणूक करते संस्था, १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली, त्यात सेवाज्येष्ठता बघून, आणि मान्यता देतात शिक्षणाधिकारी. महापालिकेच्या शाळेतल्या हेडमास्तरांचं तसं नाही, ते महापालिकेच्या शिक्षकांतूनच पुढं येतात आणि त्यांची फाइल प्रशासनाधिकाऱ्यांच्या टेबलावरून जाते. दोन्ही हेडमास्तर एकाच गल्लीत राहत असतील, दोघंही सकाळी रंकाळ्यावर फिरायला जात असतील, पण एकाला महासभेतल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आणि दुसऱ्याला नाही.

आता त्या स्वागताकडं येतो. सभेत स्वागत होणं आणि सभेनं नेमणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महासभा प्रशासनाधिकाऱ्यांना निवडत नाही, मुलाखत घेत नाही, मत देत नाही. ऑर्डर वरून येते, साहेब हजर होतात, चार्ज घेतात, आणि मग पुढच्या सभेत ओळख करून दिली जाते. कधी अभिनंदनाचा ठराव येतो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, टेबलं वाजतात. तो ठराव नाही झाला म्हणून साहेबांची नोकरी जात नाही आणि झाला म्हणून काही जास्तीचे अधिकार मिळत नाहीत. ते सभागृहात बसतात ते अधिकारी म्हणून, त्यांना मत नसतं.

मग त्या स्वागताला अर्थ काय? मला विचाराल तर भरपूर आहे. कारण तो दिवस असा असतो की शहरातल्या प्राथमिक शाळांचा कारभार बघणारा माणूस लोकांनी निवडून दिलेल्या सगळ्या सदस्यांच्या समोर उभा असतो आणि त्या दिवसापासनं सभागृह त्याला विचारू शकतं. शाळांचं बजेट सभागृहातून जातं, दुरुस्तीचे पैसे सभागृहातून जातात, शाळेच्या जागेबद्दलचा ठराव सभागृहातून जातो. नेमणं हातात नसलं तरी हिशेब मागणं हातात आहे. झेडपीच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं असंच स्वागत झेडपीच्या सभेत होतं आणि त्यांना तिथले सदस्य विचारतात. महापालिकेचा नगरसेवक त्यांना सभागृहात बोलावून जाब विचारू शकत नाही आणि झेडपीचा सदस्य प्रशासनाधिकाऱ्यांना विचारू शकत नाही. माझ्या मते या दोन पदांतला सगळ्यात खरा फरक हाच आहे, कायदा कुठला आणि साल कुठलं यापेक्षाही.

आणि मधली वर्षं आठवा. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. झेडपीतही मार्च २०२२ पासनं तेच. त्या काळात अधिकारी आले, गेले, पण त्यांना समोर उभं करून "आमच्या वॉर्डातल्या शाळेत दोन वर्गांना एकच शिक्षक का" असं विचारायला निवडून आलेलं कुणी नव्हतं. आयुक्तांनी चांगलं काम केलं असेल, त्याबद्दल माझं म्हणणं नाही, पण विचारणारं माणूस नसणं हे शाळेसाठी बरं नाही. म्हणून आता सभेत स्वागताचा फोटो दिसला की मला मनापासून बरं वाटतं.

रोजच्या कामातले फरक पटपट सांगतो. महापालिकेत शाळा आणि प्रशासनाधिकारी यांच्यामध्ये शैक्षणिक पर्यवेक्षक असतात, शहर एकच त्यामुळं शिडी छोटी. झेडपीत शाळा, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि मग शिक्षणाधिकारी, कारण बारा तालुके आहेत, चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत. त्यामुळं गावातल्या शाळेची तक्रार घेऊन एकदम नागाळा पार्क गाठलं तर "गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं दिलंय का?" हा पहिला प्रश्न येणार, आणि तो बरोबरच आहे. बदल्यांचंही वेगळं, झेडपीचा शिक्षक करवीरमधून गगनबावड्याला जाऊ शकतो पण महापालिकेच्या शिक्षकाची बदली शहरातल्याच दुसऱ्या शाळेत होते. त्यामुळं शहरातले शिक्षक वर्षानुवर्षं त्याच भागात असतात, दोन पिढ्यांना ओळखतात. हे मला महापालिकेच्या शाळांचं मोठं बळ वाटतं.

जरगनगरच्या शाळेचं बघा ना. महापालिकेची शाळा, आणि गुढीपाडव्याला प्रवेश मिळावा म्हणून पालक आदल्या रात्रीपासनं रांगेत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तिथली पोरं चमकतात. जे लोक म्हणतात की सरकारी शाळा संपल्या त्यांनी पाडव्याच्या आदल्या रात्री तिकडं जाऊन यावं. पण त्याच शहरात पटसंख्या घसरलेल्या शाळाही आहेत आणि दोन्हीचे प्रशासनाधिकारी एकच. म्हणून नवीन साहेबांना पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न माझ्या मते हाच की एका शाळेत जे जमलं ते दुसऱ्या शाळेत न्यायला तुम्ही काय करणार, शिक्षक देणार का, वर्गखोल्या देणार का, आणि कधीपर्यंत. शाल-श्रीफळ देताना हे विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही.

हद्दीचा विषय तर कोल्हापुरात टाळताच येत नाही. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासनं शहराची हद्द वाढलेली नाही. शहर मात्र कधीच बाहेर पसरलंय. उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, बघणाऱ्याला कळतच नाही शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं. रस्त्याच्या अलीकडची शाळा महापालिकेची आणि पलीकडची झेडपीची. हद्दवाढीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही पाणी, घरफाळा, बांधकाम परवाना यावर बोलतात, पण गाव शहरात आलं तर तिथली झेडपीची शाळा, तिचे शिक्षक, तिची इमारत यांचं हस्तांतर कसं करायचं यावर फार कमी बोललं जातं. ते दोन अधिकाऱ्यांनी समोरासमोर बसून ठरवायचं काम आहे आणि ते आधीच ठरलेलं बरं.

बघा, राजर्षी शाहूंनी १९१७ ला या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. म्हणजे जबाबदारी कुणाची हे तेव्हा स्पष्ट होतं, दरबार शाळा देणार, पालकानं पोर पाठवायचं. आज शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं लिहिलेली आहेत, हद्दीतल्या मुलांची नोंद ठेवणं, शाळा जवळ असणं, बाहेरून आलेल्या कामगारांच्या पोरांना प्रवेश देणं. शहरात ते प्राधिकरण महापालिका, गावाकडं झेडपी. साखर कारखान्यावर आलेल्या ऊसतोडीच्या टोळीतलं पोर आणि शहरातल्या बांधकामावरचं पोर, दोघांचा हक्क एकच आहे पण विचारायचं ऑफिस वेगळं आहे. हे पालकांना माहीत नसतं, त्यांच्या वतीनं जाणाऱ्या माणसाला तरी माहीत असावं.

आणि कुठल्याही ऑफिसला जायच्या आधी शाळा व्यवस्थापन समिती बघा. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक पाहिजेत आणि समितीत निम्म्या बायका पाहिजेत. समितीचा ठराव जोडलेला अर्ज आणि एकट्या पालकाचा अर्ज यात फरक पडतो, मग तो प्रशासनाधिकाऱ्यांकडं जाऊ दे नाहीतर शिक्षणाधिकाऱ्यांकडं.

तर नवीन साहेबांना निवेदन द्यायचं असेल तर आधी शाळेच्या बोर्डवर वाचा. "कोल्हापूर महानगरपालिका" किंवा "प्राथमिक शिक्षण समिती" लिहिलेलं असेल तर प्रशासनाधिकारी, प्रत आयुक्तांना आणि वॉर्डातल्या नगरसेवकाला. "जिल्हा परिषद" आणि वर्ग प्राथमिकचे असतील तर गटशिक्षणाधिकारी, प्रत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. जिल्हा परिषदेचंच हायस्कूल असेल तर माध्यमिक शिक्षणाधिकारी. खासगी संस्था असेल तर आधी वर्ग कुठला ते बघा, शहरात चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा असेल तर परत प्रशासनाधिकारी, हायस्कूल असेल तर माध्यमिक शिक्षणाधिकारी आणि प्रत संस्थेच्या सेक्रेटरींना. पोच घ्यायला विसरू नका, आवक नंबर आणि तारीख टाकलेली, कारण महिन्याभरानं विचारायला गेलात की पहिल्यांदा तोच नंबर मागतात.