मुंगसाचं अनेकवचन

रविवारी सकाळी भाचीला घेऊन नागपूरच्या सेमिनरी हिल्सला फिरायला गेलो होतो. कुंपणाच्या तारेखालून एक मुंगूस निघालं, रस्त्याच्या मधोमध थबकलं आणि मागच्या पायांवर उभं राहून आमच्याकडे बघू लागलं. त्याच्या एकेका केसावर काळे-पांढरे पट्टे असतात, त्यामुळे कोवळ्या उन्हात अंगावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. मागून दुसरं आलं आणि दोन्ही गवतात शिरली.

"मामा, एक मंगूज. मग दोन म्हणजे मंगीज ना? गूजचं गीज होते तसं?"

भाची सहावीत आहे, इंग्रजी शाळेत. प्रश्न चोख होता. उत्तर मात्र 'नाही' असं आहे, आणि त्याचं कारण आपल्याच अंगणात आहे. इंग्रजीतला मंगूज हा शब्द आपल्या मुंगसावरूनच गेलेला आहे.

जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर, कारवार या भागांत फिरला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं आणि त्यात हा प्राणी मंगूज या नावानेच येतो. फेरेट या लांबट, छोट्या शिकारी प्राण्याच्या जवळचा, अशी ओळखही तो करून देतो. कदाचित पोर्तुगीजांच्या तोंडून हा शब्द इंग्रजांच्या कानी पडला असावा. शेवटचा 'ऊस' ऐकल्यावर त्यांना आपल्या ओळखीचा 'गूज' आठवला आणि स्पेलिंगही तसंच पडलं. अनोळखी शब्द कानाला परिचित शब्दासारखा वाटला की जीभ त्याला तसाच वळवते. सगळ्याच भाषांत हे होत असतं.

आता गीजबद्दल. फार पूर्वी इंग्रजीच्या पूर्वज भाषेत अनेकवचनाच्या प्रत्ययात 'इ' हा स्वर होता. तो पुढे येणार म्हणून जीभ आधीच सरसावायची आणि शब्दातला 'ओ'सारखा स्वर बदलायचा. पुढे प्रत्यय गळून पडला, बदललेला स्वर तेवढा राहिला. फूट-फीट, टूथ-टीथ, गूज-गीज ही सगळी त्याच जुन्या घडामोडीची मुलं. हे सारं आटोपून कित्येक शतकं लोटल्यावर आपलं मुंगूस इंग्रजीत पोचलं. म्हणून दोन मंगूज म्हणजे मंगूजेस.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मंगूजमधल्या 'गूज'चा बदकाच्या कुळातल्या गूजशी काही संबंध नाही, पण तो खरा गूज मात्र आपल्या हंसाचा सख्खा भाऊ आहे. जर्मनमध्ये गान्स, लॅटिनमध्ये आन्सर, संस्कृतात हंस. इंग्रजीने मधला अनुनासिक गाळला, एवढाच फरक.

शास्त्रीय नावांतही हा शब्द फिरतो. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने १७५३ साली एका वनस्पतीला ओफिओरायझा मुंगोस हे नाव दिलं. ओफिओरायझा म्हणजे सापाचं मूळ. साप चावला की मुंगूस विशिष्ट मुळी खाऊन विष उतरवतं, ही समजूत त्या नावात आहे. आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या मुंगसाचं शास्त्रीय नावही मुंगोस मुंगो असंच आहे.

मुळीची गोष्ट खरी नाही. मुंगसाचं कवच त्याच्या स्नायूंतच आहे. नागाच्या विषातला एक घटक आपल्या स्नायूंवरच्या ग्राहींवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसतो. मेंदूचा निरोप स्नायूला मिळेनासा होतो आणि अखेर श्वास थांबतो. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली दाखवलं की मुंगसाच्या या ग्राहींत मोजकी अमिनो आम्लं बदललेली आहेत आणि नेमक्या मोक्याच्या जागी एक शर्करा-साखळी चिकटलेली आहे. त्यामुळे विषाला तिथे बसायला जागाच उरत नाही. तरी या कवचाला मर्यादा आहे. मुंगूस जिंकतं ते मुख्यतः चपळाईवर. नागाला फणा उगारून दमायला लावायचं आणि मग डोकं पकडायचं.

लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही ओरडायचो, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो असं आजी सांगायची. भाचीला ही ओळ ठाऊक नव्हती. तिला मंगूज माहीत होता, मुंगूसही माहीत होतं, पण दोन्ही एकच शब्द आहेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. याचं मला खरंच वाईट वाटलं.

परत येताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या भाऊंना तिने विचारलं, तुम्ही काय म्हणता? "नेवला," ते म्हणाले. हा संस्कृतातल्या नकुलाचा वंशज, पांडवांतल्या नकुलाचंही नाव तेच. मग मराठीत नकुल सोडून मुंगूस कुठून आलं, हा तिचा पुढचा प्रश्न होता.

त्यासाठी तिला शेजारच्या लक्ष्मीकाकूंकडे पाठवलं. काकूंचं माहेर सिरोंच्याकडचं, घरी तेलुगू बोलतात. दोन मिनिटांत ती धावत परत आली.

"मामा, काकू मुंगिस म्हणतात!"

कन्नडमध्येही मुंगिसी आहे. मराठीने हा शब्द या द्रविड शेजाऱ्यांकडूनच घेतला असावा. भाचीने वहीत तेलुगू, मराठी, इंग्रजी असे तीन शब्द एकाखाली एक लिहिले आणि मधे बाण काढले.