फ्रीफाइल जागा धरत नाही

एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दोन वेगळ्या फाइली उघडायच्या असतात. फाइल उघडणारी आज्ञा म्हणजे ओपन; दुसऱ्या ओपनला एरर ५५ येतो: फाइल ऑलरेडी ओपन. फाइल तर उघडलेली नसते. उघडा असतो तो नंबर.

मॅक्रो लिहितात ती भाषा व्हीबीए, जुन्या बेसिक भाषेच्या घराण्यातली. बेसिकमध्ये फाइलचं नाव ओपनपुरतंच लागतं. पुढचं वाचणं-लिहिणं नंबरावर चालतं. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये मुळात एका वेळी तीनच फाइली उघडता येत, सुरू करताना /एफ हा पर्याय दिला तर १५. क्यूबेसिकने नंबर २५५पर्यंत नेले, व्हीबीएने ५११पर्यंत. इतके नंबर कोण लक्षात ठेवणार? म्हणून फ्रीफाइल हे फंक्शन आलं: सध्या न वापरलेला नंबर ते सांगतं.

गोची इथेच आहे. समजा, कोड असा आहे:

अ = फ्रीफाइल
ब = फ्रीफाइल
ओपन "जमा.टीएक्सटी" फॉर इनपुट ॲज #अ
ओपन "खर्च.टीएक्सटी" फॉर आउटपुट ॲज #ब

अ आणि ब, दोन्ही १. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट धरली जाते. फ्रीफाइल रुमाल टाकत नाही, नुसतं डोकावून बघतं. नंबर अडतो तो ओपन चालल्यावर. म्हणून क्रम असा हवा: फ्रीफाइल, लगेच ओपन, मगच पुढचं फ्रीफाइल. नंबर प्रत्येक फाइलच्या स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि क्लोज #अ असं नाव घेऊन बंद करावं. नुसतं क्लोज लिहिलं तर सगळ्याच फाइली मिटतात. सबरूटीनने (कोडच्या वेगळ्या तुकड्याने) असं केलं की तिला बोलावणाऱ्या कोडची फाइलही जाते, आणि त्याच्या पुढच्या प्रिंटला (फाइलीत लिहिण्याच्या आज्ञेला) एरर ५२ येतो, बॅड फाइल नेम ऑर नंबर. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे.

'एक्सेल बंद करून उघडा, बरं होतं' हा तोडगा चालतो, पण त्यात चमत्कार नाही. मॅक्रो मध्येच एररने थांबला की क्लोजची ओळ चालतच नाही, नंबर अडकून राहू शकतो. प्रोग्रॅम बंद झाला की तो सुटतो. म्हणून क्लोज एरर-हँडलरमध्येही, म्हणजे एरर आल्यावर चालणाऱ्या कोडमध्येही, लिहावं.

एवढं करूनही ५५ आलाच तर मोड, म्हणजे ओपनमध्ये फॉरनंतर लिहिलेला शब्द, तपासा. इनपुट, रँडम किंवा बायनरीत तीच फाइल दुसऱ्या नंबराने पुन्हा उघडता येते. आउटपुट किंवा अपेंडसाठी मात्र ती आधी बंद करावी लागते. तिथे फ्रीफाइलचा उपयोग नाही.