काजूच्या हंगामातला माकडताप

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, ती ऐन काजूच्या दिवसांत. आदल्याच वर्षी शेजारी गोव्यात, सत्तरी तालुक्यात, या तापाने माणसं दगावली होती. आणि अशा वेळी लोकांचा राग निघतो तो माकडांवर.

हा आजार पहिल्यांदा सापडला कर्नाटकात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणू लागली. आफ्रिकेतला पीतज्वर भारतात पोचला की काय, अशी धास्ती शास्त्रज्ञांना होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) छडा लावला, तेव्हा हाती आला एक नवाच विषाणू. तो पसरवत होती गोचीड.

हा विषाणू रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात एरवी गुपचूप नांदतो. माकडाला तो झेपत नाही. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू बेसुमार वाढतो आणि अंगावरच्या असंख्य गोचिडी तो पितात. माकड मेलं, अंग गार पडलं, की त्या खाली पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, उतरतात. तिथे कात टाकून पुढच्या अवस्थेत गेलेली गोचीड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावली तरी कळत नाही. डिसेंबरपासून मेपर्यंत या पिल्लांचा सुकाळ असतो, आणि नेमक्या याच काळात बायामाणसं वाकून, पातेरा चाळवत काजू बी वेचत असतात.

म्हणजे माकड आपल्यासारखंच या रोगाचा बळी आहे, शिवाय धोक्याची पहिली खबर तेच देतं. वाट आपण करून दिली आहे: जंगल तोडून बागा लावल्या, रानात गुरं सोडली. गुरांना हा ताप येत नाही, पण त्यांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात आणि हजारोंनी अंडी घालतात.

माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. पण त्यावर खास औषधही नाही. जुन्या लसीचा म्हणावा तसा उपयोग होत नव्हता, म्हणून ती थांबवावी लागली. तेव्हा बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीडरोधक तेल हातापायांना लावावं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता लगेच वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावं. बागेत जाऊन आल्यावर थंडी वाजून ताप भरला, डोकं-अंग ठणकू लागलं, तर डॉक्टरांना बागेचं आवर्जून सांगावं.