राखणदार आणि छुपा डोळा

गोव्यात गावाला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण त्याची जागा लहान पोरालाही ठाऊक असते. त्याला रोट, विडी, सोरो म्हणजे दारू वाहतात, आणि गावच्या शिमेच्या आत तो रात्रीच्या वाटसरूला सोबत करतो अशी श्रद्धा आहे. घरांची राखण माणसंच करत. बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, संध्याकाळी बसणारी वडीलधारी माणसं, आंगणातला कुत्रा आणि हाकेच्या अंतरावरचा शेजारी असला, की कोण आलं नि कोण गेलं हे लपत नसे.

ही राखण हळूहळू विरळ झाली. मुलं आखातात गेली, पुढे पोर्तुगाल आणि इंग्लंडला गेली. बार्देश-सालसेत तालुक्यांत कुलूपबंद घरं वाढली, आणि किनाऱ्यावर घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने जाऊ लागल्या. देवळातली फंडपेटी, म्हणजे दानपेटी, फोडल्याच्या बातम्या तर इथल्या मराठी वृत्तपत्रांना नव्या नाहीत. अशा रिकाम्या झालेल्या जागी कॅमेरा आला, आणि तो का आला हे मला पुरतं समजतं. तरीही दाराशी उघडपणे लावलेला कॅमेरा आणि घड्याळात दडवलेला कॅमेरा ही एकाच वस्तूची दोन रूपं आहेत, असं मी मानत नाही. दोघांची कुळं वेगळी आहेत.

दडवलेल्या कॅमेऱ्याचं कूळ जुनं. १८८६च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कार्ल स्टर्न यांनी जाकिटाखाली छातीशी बांधायचा चपटा गोल कॅमेरा विकायला काढला. भिंग बटणाच्या छिद्रातून डोकवायचं आणि एका गोल काचेवर सहा छायाचित्रं उमटायची. अशा कॅमेऱ्यांना तेव्हा ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ म्हणत. समोरच्याला कळू न देता त्याला टिपणं, हाच त्यांचा हेतू. त्यात घरादाराच्या राखणीचा विचार कुठेही नव्हता.

बंद वाहिनीवरचं चित्रण, म्हणजे आपण ज्याला सीसीटीव्ही म्हणतो ते, १९४२मध्ये जर्मनीतल्या पीनम्युंडे इथे उभं राहिलं. व्ही-२ रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावं म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने ती व्यवस्था रचली. घराच्या दारापर्यंत ती आणली एका परिचारिकेने, आणि या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती हीच बाई. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांच्या कामाच्या वेळा अवेळी असत. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलावल्यावर पोलीस लवकर येत नसत. पती आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दोघांनी १९६६मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, शिवाय दार उघडायला एक आणि मदत बोलवायला एक बटण. हा कॅमेरा घरातून बाहेर पाहत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी, म्हणजे प्रकाशाचे विजेचे संकेत करणारी चिप, शोधली. त्याआधी टीव्ही कॅमेऱ्याच्या पोटात काचेची नळी असे. आता नखाएवढ्या चिपवर प्रकाशाचं चित्र होऊ लागलं. पुढे त्याहून स्वस्त सीमॉस चिप आली, तिच्यापुढे टाचणीच्या टोकाएवढं भिंग बसलं, आणि कॅमेरा चार्जर, घड्याळ, धूरसूचक अशा कशातही मावू लागला. दोन कुळं इथे एक झाली.

गोव्याला त्याचा चटका ३ एप्रिल २०१५ रोजी बसला. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी उत्तर गोव्यातल्या कांदोळी गावच्या एका कपड्यांच्या दुकानात गेल्या होत्या. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने रोखलेला कॅमेरा लक्षात आला आणि पोलिसांत तक्रार झाली. कॅमेरा छुपा नव्हता, दुकानाच्या देखरेखीचाच भाग होता, असं दुकानाचं म्हणणं होतं. मला या बचावातच खरा प्रश्न दिसतो. चोरी पकडायला लावलेला कॅमेरा वीतभर वळला, तर तो कुठे पाहतो हे गिऱ्हाइकाला कसं कळणार?

कायदा तोवर आला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६(ई) ऑक्टोबर २००९पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाच्याही खाजगी अंगाचं चित्रण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर २०१३मध्ये दंडसंहितेत ३५४(सी) आलं. स्त्रीला चोरून पाहणं किंवा टिपणं हा त्याने स्वतंत्र गुन्हा ठरवला. १ जुलै २०२४पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. दुकानदाराने गल्ल्यावर किंवा गोदामात कॅमेरा दडवणं मी समजू शकतो. पाहुण्याच्या खोलीत मात्र नाही, मग खोली आपल्याच घरातली का असेना.

असं चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून कसं चालतं, याचा धागा महाराष्ट्रातून आला. जालन्याच्या २०१४च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणापर्यंत गेला. तिथून निवडून आलेल्या अर्जुन खोतकर यांच्या या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ यंत्र हजर न करता प्रत द्यायची असेल, तर ती प्रत कशी निघाली याचं प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली, परिशिष्टात, त्याचा नमुनाही दिला आहे.

पण प्रत काढायला चित्रण उरायला हवं. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की नवं चित्रण जुन्यावर चढतं. पावसाळ्यात वीज गेली की तेही थांबतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, परदेशातून येऊन कुलूप उघडणाऱ्याला जूनमधली चोरी ऑगस्ट-सप्टेंबरात कळते, आणि तोवर ती रात्र डिस्कवरून पुसली गेलेली असते.