विमा परिषदांचे नेतृत्व व त्यावरील नियमन

विमा व्यवसायाच्या सल्लागार संस्थांचे प्रमुख कोण ठरवतो आणि त्यांच्यावर अंकुश कोणाचा, यासंबंधीची कायदेशीर व्यवस्था. अशा संस्था दोन प्रकारच्या असून त्यांची गल्लत नेहमी होते.

विमा सल्लागार समिती १९९९ च्या विमा विनियामक व विकास प्राधिकरण कायद्यातील कलम २५ नुसार विमा व्यवसायावर देखरेख ठेवणारे विमा विनियामक प्राधिकरण (इर्डा) नेमते. पदसिद्ध सोडून तिचे कमाल २५ सदस्य व्यापार, उद्योग, वाहतूक, शेती, ग्राहक, सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारे), एजंट अशा घटकांतून येतात. कोल्हापुरातील गूळ व्यापारापासून उद्यमनगरच्या फाउंड्र्यांपर्यंत सारे या वर्णनात बसतात. तिचे पदसिद्ध अध्यक्ष मात्र इर्डाचेच अध्यक्ष. सल्ला घेणाराच सल्लागारांच्या बैठकीत अध्यक्षस्थानी असतो, त्यामुळे वेगळ्या देखरेखीचा प्रश्नच उरत नाही.

जीवन विमा परिषद व सर्वसाधारण विमा परिषद यांचे तसे नाही. त्या १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ सी खाली येतात आणि विमा कंपन्या त्यांच्या सदस्य असतात. पूर्वी या परिषदांच्या कार्यकारी समितीवर अध्यक्षही प्राधिकरणच नामनिर्देशित करी. २०१५ च्या दुरुस्तीने कंपन्यांच्या निवडून आलेल्या चार प्रतिनिधींपैकी एक अध्यक्ष निवडण्याची पद्धत आली. प्राधिकरणाकडे एजंट, मध्यस्थ, विमाधारक आदींचे प्रतिनिधी व विमा व्यवसायाबाहेरील एक मान्यवर नेमणे एवढेच राहिले. कागदावर लगाम सैल झाला खरा. पण कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायला कलम ३४ ए नुसार प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते, त्यामुळे असा अधिकारी परिषदेच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष झाला तरी तो आधीच त्या चाळणीतून गेलेला असतो. परिषदेच्या निवडणुकीचे नियम करण्यासही प्राधिकरणाची पूर्वमंजुरी हवी.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या बाजारपेठांत पाणी शिरले. अशा वेळी दुकानाचा क्लेम अडकला, तर तक्रार आधी कंपनीकडे आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जाते. परिषद हे तक्रारीचे दार नव्हे. तरीही विमाधारकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या कंपनीची बाब प्राधिकरणाच्या नजरेस आणणे हे कलम ६४ एल नुसार सर्वसाधारण विमा परिषदेच्या कार्यकारी समितीचे काम आहे. स्वतंत्र अध्यक्षाची खरी गरज इथेच भासते, कारण आपल्याच पंगतीतल्या कंपनीचे नाव वर कळवणे कंपन्यांनी निवडलेल्या माणसाला जड जाते.