भांडुपची दोन केंद्रं: एक नळाआधीचं, एक मोरीनंतरचं

अंदाजपत्रकाच्या बातमीत ‘नवीन शुद्धीकरण केंद्र’ एवढंच छापून आलं, की निम्मे वाचक म्हणतात, चला, पाणी वाढणार. उरलेले म्हणतात, आता वास सुटणार. चूक त्यांची नाही, नावाची आहे. जलशुद्धीकरण केंद्र धरणातलं पाणी नळाला येण्याआधी स्वच्छ करतं. दुसरं केंद्र मोरीतून आणि संडासातून गेलेलं पाणी नदीत, खाडीत सोडण्याआधी. या दुसऱ्याला मुंबईत मलजल प्रक्रिया केंद्र म्हणतात, पुण्यात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आणि बोलताना सगळीकडे नुसतं ‘एसटीपी’.

गंमत म्हणजे मुंबईत भांडुप या एकाच नावाखाली दोन्ही आहेत. पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला, जलशुद्धीकरणाचं जुनं संकुल आहे. त्याशेजारी दिवसाला २००० दशलक्ष लिटर क्षमतेचं नवं केंद्र उभारायचं ठरलं. पूर्वेला, ठाण्याच्या खाडीकडे, मलजल प्रक्रिया केंद्राचा प्रकल्प आहे. त्याची क्षमता २१५ दशलक्ष लिटर. रेल्वेमार्गाच्या या बाजूला एक, त्या बाजूला दुसरं. नकाशा बघितला तर हा योगायोग वाटत नाही.

पिण्याचं पाणी शुद्ध झालं की ते शहरभर पोचवायचं असतं, म्हणून त्याचं केंद्र शक्यतो उंचावर हवं. उरलेलं काम उतार करतो, पंपाची वीज वाचते. मैलापाण्याचं उलटं. ते घराघरातून उताराने गोळा होत येतं, म्हणून त्याचं केंद्र सगळ्यात सखल जागी, जिथे पाणी शेवटी जाणारच आहे तिथे. मुंबईच्या सात मलजल प्रकल्पांची नावं घ्या: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप. सगळी समुद्र, नदी किंवा खाडीच्या आसपासची. ‘आमच्याच भागात का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा जमिनीच्या उतारात असतं. (अर्थात ते लोकांना नीट समजावून सांगायचं काम कोणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.)

२००० आणि २१५ या आकड्यांतली तफावतही इथूनच येते. शुद्ध पाणी दाबाखाली, बंद जलवाहिनीतून कितीही लांब नेता येतं, त्यामुळे एकच प्रचंड केंद्र चालतं. मैलापाण्याची वाहिनी मात्र उतारावर चालते. लांब न्यायची तर ती खोल खोल जात राहते आणि मध्येमध्ये पंपिंग स्टेशन बांधून पाणी पुन्हा वर उचलावं लागतं. म्हणून शहराचे उतार पाहून विभाग पाडतात आणि प्रत्येकाला वेगळं केंद्र देतात. मुंबईची ती सात केंद्रं मिळून २४६४ दशलक्ष लिटरची आहेत.

आतलं कामही सारखं नाही. गढूळ पाण्याच्या हंड्यात आजी तुरटी फिरवायची, गाळ खाली बसायचा, वरचं निवळलेलं पाणी फडक्यातून गाळून घ्यायची. जलशुद्धीकरण केंद्र मोठ्या प्रमाणावर हेच करतं: तुरटी किंवा तिचाच आधुनिक भाऊबंद, मग निवळण्याच्या टाक्या, मग वाळूचे थर आणि शेवटी क्लोरीन. जंतू मारायचे, आणि पाणी नळाच्या टोकाला पोचेपर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक ठेवायचा.

मैलापाण्याच्या केंद्रात जंतू मुद्दाम पोसतात. टाक्यांत हवा सोडतात, जंतू घाण खाऊन वाढतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला काही गाळ पुढच्या पाण्यासाठी विरजणासारखा परत वापरतात. ही पद्धत मँचेस्टरमध्ये १९१४ साली सापडली आणि आजही बहुतेक केंद्रं तिच्याच कुठल्यातरी रूपावर चालतात. हे जंतू जिवंत आहेत, ही गोष्ट विसरून चालत नाही. हवेचे ब्लोअर बराच वेळ बंद पडले की ते गुदमरतात. जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं तर तासाभरात फोन सुरू होतात. हे बंद पडलं तर नदीशिवाय कोणाला कळत नाही.

नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के मैलापाणी होऊन परत येतं असं मानतात. म्हणजे पाण्याची योजना आखली तेव्हाच दुसऱ्या केंद्राचा आकडाही ठरला. आपल्याकडे मात्र पहिल्याचं भूमिपूजन आधी होतं, आणि दुसरं झालंच तर घरोघरच्या जोडण्या राहून जातात. मग केंद्र तयार, पण त्यात यायला मैलापाणीच नाही, कारण ते पावसाळी नाल्यातून परस्पर नदीत चाललंय. माझ्या मते एसटीपीच्या बातमीत क्षमतेपेक्षा आधी शोधावा असा आकडा एकच: वाहिन्या किती किलोमीटर टाकणार?

एसटीपीचं पाणी पुन्हा नळाला येणार का, अशी भीती हमखास विचारली जाते. सहसा ते उद्योगांना किंवा बागांना जातं. नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देतात. तेवढं धरणाचं पाणी शहरासाठी मोकळं होतं.